यंत्र बसवलं म्हणून असं झालं का?

ताई,
आम्ही लालबागला राहतो. चाळ पाडून टॉवर झाला, त्यात चौदाव्या मजल्यावर. घरात मी, माझे मिस्टर, सासूबाई आणि आमची धाकटी, वय २२. ती दीड वर्षाची असताना कळलं की तिला ऐकू येत नाही. चौथ्या वर्षी ऑपरेशन करून कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं. ती बोलायला शिकली, साध्या शाळेत गेली, आता अंधेरीच्या एका स्टुडिओत ॲनिमेशनचं काम करते.

चार महिन्यांपूर्वी जेवताना म्हणाली, "मी मुलगी नाही. मुलगाही नाही. कधी एक जास्त वाटतं, कधी दुसरं, कधी काहीच वाटत नाही." केस बारीक कापलेत. नाव अर्धं केलंय. छातीचं ऑपरेशन करायचं म्हणते. मी म्हटलं, देवाने दिलेलं शरीर असं कापायचं नसतं. त्यावर म्हणाली, "माझ्या डोक्यात मॅग्नेट आहे. बाबांच्या छातीत पेसमेकर आहे. आजीच्या दोन्ही गुडघ्यांत धातू आहे. देवाने दिलेलं शरीर या घरात फक्त तुझं उरलंय, आणि तुझ्याही दोन दाढा बसवलेल्या आहेत." मानवोत्तर शरीर का असंच काहीतरी वाचत असते. आपण सगळेच सायबॉर्ग आहोत म्हणते.

ताई, मला झोप लागत नाही. चार वर्षांच्या पोरीच्या डोक्यात आम्ही यंत्र बसवलं, त्यामुळे हे झालं का? हे खूळ असेल तर उतरेल ना? मिस्टर तिच्याशी बोलायचे बंद झालेत. नणंद म्हणते, एक डॉक्टर आहेत, ते अशी मुलं सरळ करून देतात. सासूबाईंना काही सांगितलेलं नाही. त्यांची गुडघ्याला बांधायची क्रेप बँडेजं मात्र नाहीशी होत होती, ती परवा मला हिच्या कपाटात सापडली. गणपतीत सगळे येतील. त्यांना काय सांगू?
– एक आई, लालबाग

प्रिय लालबागच्या ताई,

बाकीचं सगळं नंतर बोलू, आधी ती क्रेप बँडेजं. छाती सपाट दिसावी म्हणून ती बांधली जात असणार. ही पट्टी मुरगळलेल्या किंवा सुजलेल्या सांध्यासाठी असते. छातीला गुंडाळली की हालचालीबरोबर आवळत जाते, श्वास पुरा घेता येत नाही आणि बरगड्यांना इजा होऊ शकते. यासाठी बाइंडर नावाचं वेगळं वस्त्र मिळतं, ते मापाचं घ्यावं लागतं. तेही दिवसात आठेक तासांच्या वर घालायचं नाही, झोपताना नाही, व्यायाम करताना नाही. दम लागला, दुखायला लागलं, की ताबडतोब काढायचं. मुंबईच्या दमट हवेत त्याखालची त्वचा घामाने सोलवटते, म्हणून ते रोज धुवायचं आणि घरी आलं की उतरवायचं. हे आजच बोला. कपाट आवरताना बँडेजं दिसली, असं खरं खरं सांगा. बाइंडरचे पैसे तुम्ही द्या.

तुम्ही म्हणाल, म्हणजे मी याला संमती दिली असं होईल. होऊ दे. शरीर दिवसभर आवळून लोकलने अंधेरीला जाणाऱ्या माणसाचा श्वास आधी सुरक्षित हवा. वाद त्यानंतरही घालता येतो.

आता तुमचा खरा प्रश्न, ज्याने तुमची झोप उडवली आहे. यंत्र बसवलं म्हणून असं झालं का? नाही, ताई. अजिबात नाही. तुमच्या पत्रातली 'धाकटी' वर तशीच ठेवली आहे, पण यापुढे मी 'तुमचं लेकरू' म्हणणार आहे, म्हणजे आपल्या दोघींचीही सोय होईल. तर तुमच्या लेकराच्या कानामागचा प्रोसेसर आवाज पकडतो, त्याचे संकेत कॉइलमधून कातडीच्या पलीकडे जातात आणि आत कॉक्लियात, म्हणजे आतल्या कानाच्या शंखासारख्या भागात, सरकवलेली बारीक तार ऐकण्याच्या नसेला चेतवते. तिथे त्या यंत्राचं काम संपतं. आपण बाई आहोत, पुरुष आहोत की यातलं काहीच नाही, हे जे आतून जाणवतं त्याच्यापर्यंत ती तार पोहोचत नाही. जगात लाखो लोकांच्या कानात हे इम्प्लांट आहे आणि त्यातले बहुतेक तुमच्या-माझ्यासारखे स्वतःला बाई किंवा पुरुषच समजतात. आणि 'मी दोन्हीत बसत नाही' म्हणणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात कुठलीही तार नसते.

आ, ऊ, ई, श, स, म. हे सहा आवाज तुम्ही विसरला नसाल. सकाळी प्रोसेसर लावला की आईने तोंडापुढे कागद धरायचा, एकेक आवाज काढायचा, आणि ऐकू आला की लेकराने डब्यात एक ठोकळा टाकायचा. 'स' वर ठोकळा पडला नाही तर त्या दिवशी जेवण गोड लागत नाही, हे माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी आया सांगतात. तुम्हीही हे वर्षानुवर्षं केलं असणार. त्या मेहनतीकडे आता गुन्ह्यासारखं बघू नका.

एक गोष्ट मात्र तुमच्यापासून लपवणार नाही. इतक्या लहान मुलांना इम्प्लांट बसवावं का, यावर बहिऱ्या लोकांमध्ये जगभर अनेक वर्षं वाद आहे. आमच्या शरीराचा निर्णय आम्हाला न विचारता झाला, सांकेतिक भाषेचं जग आम्हाला मिळालंच नाही, असं मोठेपणी म्हणणारे लोक आहेत. बरं झालं बसवलं, असं म्हणणारेही आहेत. तुमच्या लेकराचं म्हणणं यातलं कुठलं, हे तुम्ही कधी विचारलंय का? विचारा. पण त्यासाठी वेगळा दिवस काढा. लिंगओळखीच्या बोलण्यात हा विषय मिसळू नका, कारण मग तुमचा अपराधभाव पुढे येईल आणि लेकराला स्वतःचं सोडून तुमचंच सांत्वन करत बसावं लागेल.

'देवाने दिलेलं शरीर' हा मुद्दा तुम्ही हरलात, आणि ते मान्य करून टाका. तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर केईएम रुग्णालय आहे. तिथे फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्ल कुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. तो रुग्ण काही तासच जगला. त्याच केईएममधून ऑगस्ट १९८६ मध्ये, डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून, शास्त्रीय नोंद असलेली देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली. आज लालबाग-परळच्या कुठल्याही मजल्यावर अँजिओप्लास्टी झालेला माणूस आणि आयव्हीएफने झालेलं बाळ सापडेल, आणि कोणी त्यांना 'अनैसर्गिक' म्हणत नाही. तुमच्या मिस्टरांना पेसमेकर बसवताना घरात कोणी देवाचं नाव काढलं असेल तर ते ऑपरेशन नीट पार पडावं म्हणूनच.

तुमचं लेकरू जे वाचतंय त्याबद्दलही थोडं सांगते, म्हणजे तो शब्द ऐकून तुम्ही दचकणार नाही. 'सायबॉर्ग' हा शब्द १९६० मध्ये मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन या दोघांनी काढला. अंतराळात टिकून राहण्यासाठी माणसाच्या शरीरात यंत्रांच्या मदतीने काय बदल करता येतील, असा तो विचार होता. १९८५ मध्ये डॉना हॅरवे या अमेरिकन विचारवंत बाईंनी तोच शब्द स्त्रीवादी विचारात आणला. माणूस आणि प्राणी, सजीव आणि यंत्र यांच्यामधल्या रेषा आपण समजतो तेवढ्या पक्क्या नाहीत, आणि तसंच बाई-पुरुषाच्या ठरीव साच्याचंही आहे, असं त्यांचं म्हणणं. पुढे मानवोत्तर विचार म्हणून जे लिहिलं गेलं त्यातलं बरंच यातून निघालं. 'माणूस' म्हटलं की धडधाकट, ऐकू-बोलू शकणारा पुरुष डोळ्यांसमोर आणायचा आणि बाकी सगळ्यांना त्याच्यापेक्षा उणे धरायचं, याला तो विचार विरोध करतो. लहानपणापासून 'कर्णबधिर' या रकान्यात नाव लिहिलं गेलेल्या पोराला ते वाचून मोकळं वाटलं, यात नवल काय? मला तर त्याच्या वाचनाचं कौतुक वाटतं.

पण तुमच्या लेकराशीही माझा एक मतभेद आहे, आणि तो त्याच्यापर्यंत जरूर पोहोचवा. पेसमेकरच्या दाखल्याने एवढंच सिद्ध होतं की शरीरात बदल करणं हे पाप नाही. हाच बदल, आत्ताच, मला हवा आहे का, याचं उत्तर त्या दाखल्यात नाही. पुस्तकात शरीर फार सहज बदलतं. कॉइल लावून रोज दादरला गाडी बदलणाऱ्या माणसाला मात्र माहीत असतं की यंत्र जोडलेलं शरीर म्हणजे काय. पुलावरच्या रेटारेटीत कोणाच्या बॅगेचा पट्टा लागून मॅग्नेटने चिकटलेली कॉइल सुटते आणि एका क्षणात सगळं स्टेशन गप्प होतं. पावसाळ्यात रात्री प्रोसेसर ड्राय बॉक्समध्ये ठेवायला विसरलं की सकाळी आवाज खरखरतो. बॅटरी मीटिंगच्या मधेच संपते. जुन्या मॉडेलचे सुटे भाग मिळेनासे होतात आणि नवीन प्रोसेसर लाखांत जातो. हे सगळं तुमचं लेकरू जगलंय. म्हणून शस्त्रक्रियेचा विचारही त्याने त्याच डोळसपणे करावा: बरं व्हायला किती दिवस, व्रण कसे राहतील, स्तनाग्रांची संवेदना कमी होऊ शकते ते चालेल का, खर्च कोण करणार, सुट्टी मिळेल का.

तुम्हा दोघांच्याही बोलण्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. मी कोण आहे, हा एक. शरीराचं काय करायचं, हा दुसरा. तुम्ही म्हणता, शरीर मुलीचं आहे तर ती मुलगीच. आणि लेकरू, निदान तुमच्या पत्रावरून तरी, शरीर बदलून ते खोटं ठरवू पाहतंय. म्हणजे पुरावा दोघांनाही शरीराकडूनच हवाय. ताई, तुम्ही तो मागणं थांबवा. 'तू जे सांगतोयस-सांगतेयस ते मी मानते, त्यासाठी तुला काहीही कापून दाखवायची गरज नाही,' हे घरात एकदा स्पष्ट बोललं गेलं पाहिजे. माझा अनुभव असा, की हे बोललं गेल्यावर काही जण शस्त्रक्रियेचा विचार लांबणीवर टाकतात आणि काही जण अधिक शांतपणे तिच्याकडे जातात. तुमच्या घरी काय होईल ते मी सांगू शकत नाही. पण निर्णय त्रागा म्हणून होणार नाही.

आणि 'खूळ उतरेल ना'? बघा, तुमच्या लेकराने स्वतःच सांगितलंय की कधी एक जास्त वाटतं, कधी दुसरं. ते 'बदलतं' असंच म्हणतंय. तेव्हा पाच वर्षांनी ते काही वेगळं म्हणालं तर 'बघ, मी सांगत होते' असं म्हणायची संधी तुम्ही शोधत बसू नका. बदलेल, नाही बदलणार, दोन्ही शक्य आहे, आणि दोन्ही वेळा ते खरंच बोलत असेल. नाव, केस, कपडे, बोलवण्याची पद्धत, या गोष्टींना खर्च नाही आणि त्या परत फिरवता येतात. तिथे अडवू नका. जे परत फिरवता येत नाही तिथे वेळ घ्या, प्रश्न विचारा. पण तुमचं लेकरू सज्ञान आहे, अखेरचा निर्णय त्याचाच.

नणंदेने सुचवलेल्या डॉक्टरांकडे जायचं नाही. इथे मी सल्ला देत नाहीये, हात जोडून सांगतेय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आणि जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत, लिंगओळख जन्माच्या लिंगाशी न जुळणं ही गोष्ट मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढलेली आहे. आपल्या देशात मद्रास उच्च न्यायालयातल्या एका प्रकरणानंतर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं की 'सरळ करण्याचे' असले उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. म्हणजे कोणी डॉक्टर असं करत असेल तर त्याची तक्रार होऊ शकते. या उपचारांतून बाहेर आलेल्या मुलांना मी भेटले आहे. काहींना गुंगीच्या गोळ्या दिल्या होत्या, काहींना देवापुढे शपथा घ्यायला लावल्या होत्या. बदललं होतं ते एवढंच, की आई-वडिलांना काही सांगायचं नाही हे ती शिकली होती. रक्ताची तपासणी, सोनोग्राफी, मेंदूचं स्कॅन, कशातही ही ओळख दिसत नाही आणि खोडलीही जात नाही. तेव्हा 'एकदा तपासून तर घेऊ' हेही नको.

डॉक्टरांकडे जायचं ते शस्त्रक्रियेचा विचार पक्का होत असेल तेव्हा, आणि लिंगओळखीच्या प्रश्नांवर ज्यांचं नेहमीचं काम आहे अशा मानसोपचारतज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जनकडे. टीव्हीवर तुम्ही बीडचे पोलीस शिपाई ललित साळवे यांच्याबद्दल पाहिलं असेल. २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांची लिंगबदलाची शस्त्रक्रिया झाली आणि ते पुरुष म्हणून पोलीस सेवेत राहिले. तुमच्या लेकराची गोष्ट वेगळी आहे, त्याला पलीकडच्या काठावर जायचं नाहीये. अशा लोकांचाही विचार आता वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांत केलेला असतो. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांत त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. त्यामुळे 'आधी पुरुष व्हायचं ठरव, मग ऑपरेशन' असं कोणी म्हणालं तर दुसरा डॉक्टर बघा.

इम्प्लांटमुळे काही गोष्टी मात्र तुम्हालाच आठवण करून द्याव्या लागतील, कारण हे दोन्ही विषय एकत्र जाणणारे डॉक्टर कमी. इम्प्लांटचं कार्ड पहिल्या भेटीपासून बरोबर ठेवा. शस्त्रक्रियेत रक्त थांबवण्यासाठी विजेवर चालणारी कॉटरी वापरतात. तिचा मोनोपोलर प्रकार इम्प्लांट असलेल्या माणसाच्या डोक्या-मानेजवळ चालत नाही. छातीच्या ऑपरेशनला काय वापरायचं, हे सर्जनने इम्प्लांटच्या कंपनीच्या सूचना वाचून आणि तुमच्या ईएनटी डॉक्टरांशी बोलून ठरवायला हवं. एमआरआयची वेळ आली तर आत मॅग्नेट आहे हे आधी सांगायचं. आणि ज्या गोष्टीचा कोणालाच विचार सुचत नाही ती ही: ऑपरेशनला नेताना प्रोसेसर काढून ठेवतात. भूल उतरताना तुमचं लेकरू पूर्ण शांततेत जागं होईल आणि भोवतालच्या सगळ्यांच्या तोंडाला मास्क असतील, म्हणजे ओठही दिसणार नाहीत. शुद्धीवर येताच प्रोसेसर लावायचा आणि तोवर पाटीवर लिहून सांगायचं, हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना आणि सिस्टरना आदल्या दिवशी सांगून ठेवा. हे काम आईइतकं चांगलं कोण करणार?

पुढे कधी टेस्टोस्टेरॉनचा, म्हणजे पुरुषी संप्रेरकाच्या औषधाचा, विषय निघाला तर एवढं लक्षात असू द्या की त्याने आवाज जाड होतो आणि औषध बंद केलं तरी तो पूर्वीसारखा होत नाही. इम्प्लांटमधून शब्द आणि ताल बरे कळतात, पण स्वराचा चढ-उतार नीट कळत नाही. स्वतःचा बदललेला आवाज तुमच्या लेकराला कसा ऐकू येईल, हे ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्टशी आधी बोलून घ्यावं लागेल.

घरात हाक कशी मारायची? आपली मराठी इथे अडवते, 'आलास' म्हणा की 'आलीस', काहीतरी एक निवडावंच लागतं. लेकरालाच विचारा. काही जणांना दोन्ही चालतं, काही 'जातो' आणि 'जाते' आलटून पालटून म्हणतात, काहींना 'ते आले' असं अनेकवचन बरं वाटतं. जीभ वळेपर्यंत 'जेवण झालं का?', 'किती वाजता निघणार?', 'इकडे ये जरा' अशी वाक्यं वापरा, त्यात कोणीच अडकत नाही. चुकलात तर लगेच दुरुस्त करून पुढे चला, दहा वेळा माफी मागू नका. आणि ते अर्धं केलेलं नाव आहे ना, ते आजपासून वापरायला लागा. त्यात अर्धं तुम्ही ठेवलेलं अजून आहे.

सासूबाईंची तुम्हाला वाटते तेवढी भीती बाळगू नका. विठोबाला माऊली म्हणताना त्यांच्या पिढीला कधी अडखळावं लागलं नाही. पुरुष संतांनी बाईच्या तोंडून गौळणी आणि विरहिण्या लिहिल्या, त्या गात ही माणसं म्हातारी झाली. घारापुरीच्या लेण्यात अर्धा शिव आणि अर्धी पार्वती असलेला अर्धनारीश्वर कित्येक शतकं उभा आहे, गेटवेवरून लाँचने तासाभरात पोहोचता येतं. नातवंडाने स्वतः सांगितलं तर आजी पहिल्यांदा गोंधळतील, मग बहुधा 'जेवतोस ना नीट?' असंच विचारतील. पण या दाखल्यांवर फार विसंबून राहू नका. अर्धनारीश्वरापुढे हात जोडणाऱ्या याच शहरात हिजड्यांना भाड्याने खोली मिळत नाही. देवाचं आपण मान्य केलं म्हणून शेजारच्याचं करतोच असं नाही.

गणपतीत पाहुण्यांना काय सांगायचं, हे तुम्ही ठरवायचंच नाही. लेकराने जेवढं सांगायला परवानगी दिली तेवढंच सांगायचं. केस का कापले म्हणून कोणी विचारलं तर 'आवडले म्हणून' एवढं पुरे. लग्नाचा विषय निघाला तर तुम्ही मोदकांचं ताट घेऊन मध्ये जा. आरतीला कुठे उभं राहायचं, साडी की कुर्ता, यावरून त्या दिवशी घरात एकही शब्द होऊ देऊ नका. आणि पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत, टाळ-झांजांच्या आवाजात इम्प्लांटवाल्या माणसाला तसंही फार थकायला होतं. मध्येच उठून आतल्या खोलीत जाऊन बसलं तर 'माणूसघाणं झालंय' असं म्हणू नका.

कागदपत्रांची घाई नको. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क माणसाचा स्वतःचा आहे असं म्हटलं. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनीही त्या खटल्यात बाजू मांडली होती. २०१९ मध्ये त्यावर कायदा आला. प्रमाणपत्राचा अर्ज करायचा झाला तर त्या दिवशीचे नियम काय आहेत ते वकिलाकडून तपासून घ्या, अशा कायद्यांत दुरुस्त्या होत असतात. नाव बदलायचं झालं तर ते राजपत्रात छापून घ्यावं लागतं आणि मग आधार, पॅन, बँक, पदवी, सगळीकडे. तुमच्या लेकराकडे अपंगत्वाचं कार्डही असेल, त्यावरचं नाव आधारशी जुळलं नाही तर सवलती अडतात. म्हणून ते कार्ड यादीत वरचं ठेवा.

तुम्हाला स्वतःला बोलायला कोणी हवं. मुंबईत 'स्वीकार' नावाचा अशा पालकांचाच गट आहे, तिथे तुमच्यासारख्या आया भेटतील. समलिंगी आणि ट्रान्सजेंडर लोकांसाठी १९९४ पासून काम करणारा हमसफर ट्रस्ट आहे. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही समुपदेशन सेवा आहे. लेकराला फोनवर बोलणं जड जात असेल तर आयकॉलला ईमेलने किंवा चॅटवरही लिहिता येतं, हे त्याला नक्की सांगा.

राहिले तुमचे मिस्टर. त्यांचा राग मी समजू शकते. भीती वाटली की आपल्याकडचे पुरुष गप्प बसतात. पण तुमचं लेकरू अर्धं कानाने आणि अर्धं ओठ वाचून ऐकतं. बाबा पेपरमागून काहीतरी पुटपुटले, पाठ करून 'मीठ दे' म्हणाले, की ते शब्द त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. चार महिने या घरात त्याला किती कमी ऐकू आलं असेल याचा हिशेब त्यांच्यापुढे मांडा. मत बदला असं त्यांना सांगू नका, ते आज होणार नाही. रागावून बोलले तरी चालेल, फक्त समोर बसून, तोंडावर उजेड असताना बोलायला सांगा. आणि त्यांची पेसमेकरची पुढची तपासणी असेल तेव्हा बरोबर तुम्ही जाऊ नका, लेकराला पाठवा. शरीरातल्या यंत्राचं सेटिंग कोणी परका माणूस संगणकावर बघतो तेव्हा कसं वाटतं, हे त्या घरात त्या दोघांनाच माहीत आहे. बाहेर रांगेत बसल्यावर निदान बॅटरीबद्दल तरी बोलतील.